घडी मोडली की साडी तुमची

गेल्या वर्षी लग्नसराईत माझ्याकडे एक पैठणी परत आली. सोबत निरोप होता : 'ताई, रंग फोटोतल्यासारखा नाही वाटला. नेसलेली नाही हं, घडी आहे तशीच आहे.' पार्सल उघडलं आणि मोगऱ्याचा वास आला. खांद्यावर पदर जिथे टाचतात तिथे पिनेची दोन भोकं होती, निऱ्यांच्या जागी चुण्या पडल्या होत्या आणि खालच्या काठाला हळदीचा पुसट डाग होता. साडी लग्नात मिरवून आली होती. तरीही मी पूर्ण पैसे परत केले. साडी माझ्याकडून निघाली तेव्हा कशी होती हे दाखवायला माझ्याजवळ एकही फोटो नव्हता, आणि परतीची अट मी कुठेच लिहून ठेवली नव्हती.

पैसे गेले त्याहून मोठं नुकसान पुढच्या पंधरा दिवसांत झालं. जी ती चौकशी मला फसवी वाटायला लागली. साताऱ्याच्या एका बाईंनी इरकल मागितली, तर मी त्यांना इतके उलटसुलट प्रश्न विचारले की त्या 'राहू द्या' म्हणून गेल्या. त्या प्रामाणिक होत्या याची मला आजही खात्री आहे. तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की केली : माणूस खरा की खोटा हे मला फोनच्या पडद्यावरून ओळखता येणार नाही, पण साडी पाठवायची माझी पद्धत मला पक्की करता येईल. नियम सगळ्यांना सारखे ठेवले की प्रामाणिक गिऱ्हाइकाचा अपमान होत नाही आणि लबाडाला फट सापडत नाही.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर, इन्स्टाग्रामवर किंवा मोठ्या विक्री-अॅपवर घरबसल्या साड्या, कुर्ते, मुलांचे कपडे विकणाऱ्या माझ्यासारख्या असंख्य जणी आहेत. बहुतेकींचं भांडवल भिशीतून किंवा बचतगटाच्या कर्जातून उभं राहिलेलं असतं. एक महागडी साडी बुडाली तर महिन्याची कमाई जाते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

नियम आधी, सौदा मग

जुन्या दुकानांत पाटी असायची, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ती पाटी ऑनलाइन विक्रीत लावू नका, कारण ती कायद्यापुढे टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करावे लागतात. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांतही, माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलं त्यापेक्षा वेगळा निघाला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही.

म्हणजे दोन प्रकार वेगळे ठेवायचे. दोष माझ्या मालात असेल तर साडी परत घ्यायची, जाण्यायेण्याचा खर्चही माझा. नुसतं मन बदललं असेल तर काय करायचं ते मी ठरवायचं, पण ते सौद्याच्या आधी लिहून द्यायचं. माझा निरोप असा असतो :

'साडी मिळाल्यापासून तीन दिवसांत कळवावं. साडी सदोष, चुकीची किंवा वर्णनापेक्षा वेगळी निघाली तर परत घेऊ, खर्च आमचा. मन बदललं आणि टॅग शाबूत असेल तर बदलून देऊ, कुरिअरचा खर्च तुमचा. नेसलेली, धुतलेली, फॉल-पिको केलेली साडी मन बदललं म्हणून परत घेतली जात नाही. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढावा. मान्य असेल तर "मान्य" असं लिहावं, मग पत्ता घेऊ.'

'मान्य' हा शब्द आल्याशिवाय मी क्यूआर कोड पाठवत नाही. पुढे वाद झाला तर तो एक शब्द पुष्कळ कामाला येतो.

काही जणी विचारतात, 'उघडून बघायचीसुद्धा नाही का?' त्यावर आपल्या भाषेनेच उत्तर देऊन ठेवलं आहे. घडी उलगडणं म्हणजे बघणं. घडी मोडणं म्हणजे नेसणं. साडी खुशाल उलगडा, उजेडात न्या, अंगावर धरून बघा. पण घडी मोडली की साडी तुमची.

फोटोतच निम्मी भांडणं मिटतात

परत आलेली प्रत्येक साडी लबाडीने आलेली नसते. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत आमसुली रंग किरमिजी दिसतो, आणि मग गिऱ्हाइकाचं 'रंग वेगळा आहे' हे म्हणणं खरंच असतं. आधी आपली बाजू स्वच्छ हवी. सकाळी खिडकीशी किंवा सावलीच्या गच्चीवर, फिल्टर न लावता फोटो काढा. पदर, काठ, अंग आणि ब्लाउजपीस यांचे वेगवेगळे फोटो द्या. कापड कोणतं ते नेमकं लिहा. 'सेमी पैठणी' असेल तर सेमीच म्हणा, 'सिल्क' या एका शब्दाखाली पॉलिएस्टर खपवू नका. हातमागावरच्या कापडात सुताची एखादी गाठ किंवा रंगाची किंचित उतरती छटा असते, ती क्लोजअपमध्ये दाखवा आणि लिहूनही ठेवा.

शिवलेल्या कपड्यांचं '३८ साइज' एवढं लिहून भागत नाही, कारण प्रत्येक ब्रँडचा ३८ वेगळा असतो. कपडा पलंगावर सपाट पसरा, टेपने छाती, कंबर, बाही, उंची मोजा आणि टेपसकट फोटो द्या. वापरलेले कपडे विकत असाल तर डाग आणि रफू यांचे फोटो सगळ्यात आधी टाका. दोष लपवला नसेल तर पुढे कोणी तो दोष दाखवून अर्धे पैसे मागू शकत नाही.

पैसे 'आले' म्हणजे कुठे आले?

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. 'पैसे पाठवले' म्हणून स्क्रीनशॉट येतो, हिरवी खूण दिसते, आणि पाच मिनिटांत पार्सल न्यायला मुलगा दारात उभा राहतो. तो स्क्रीनशॉट बनावट अॅपवर तयार केलेला असू शकतो. बँकेचा म्हणून आलेला एसएमएससुद्धा खोटा असू शकतो. पैसे आले हे एकाच ठिकाणी कळतं : आपल्या बँकेच्या अॅपमध्ये, आपल्या खात्याच्या नोंदीत. तिथे रक्कम दिसेपर्यंत पार्सल हातातून सोडायचं नाही. 'सर्व्हर डाउन आहे, तासाभरात दिसेल' असं कोणी म्हटलं तर पार्सलही तासाभराने न्यावं.

यूपीआयचा एक नियम घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. 'हा कोड स्कॅन करा, म्हणजे तुम्हाला पैसे येतील' असं सांगणारा लुटायलाच बसलेला असतो. एका व्यक्तीने दुसरीकडे पैसे मागण्याची यूपीआयमधली 'कलेक्ट रिक्वेस्ट' ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. पण क्यूआर कोडची आणि खोट्या लिंकची युक्ती अजून चालूच आहे.

आणखी काही तऱ्हा ओळखून ठेवा.

'चुकून जास्त गेले' : साडी दोन हजारांची, आणि वीस हजार जमा झाल्याचा मेसेज येतो. मागोमाग फोन, 'ताई, एक शून्य जास्त पडला, अठरा हजार परत पाठवा, दवाखान्यात आहे.' मेसेज खोटा असतो, आपण पाठवलेले अठरा हजार मात्र खरे असतात. अशा वेळी शांतपणे खातं तपासा. पैसे खरोखरच जास्त आले असतील तर बँकेला कळवा आणि बँकेमार्फतच परत करा.

'मी लष्करात आहे' : गणवेशातला फोटो, ओळखपत्राचा फोटो, भाव न करता दहा साड्यांची ऑर्डर. मग, 'आमच्याकडे पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे, आधी तुम्ही एक रुपया पाठवा.' जवानांबद्दल आपल्या मनात जो आदर आहे त्याचाच इथे गैरफायदा घेतला जातो. खरा जवान साडी घेताना तुमच्यासारखेच पैसे देतो.

तिसऱ्याच्या खात्यातून पैसे : साडी मागणारी एक, पैसे आले भलत्याच नावाने. नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यातून पैसे येणं नेहमीचंच आहे, म्हणून फक्त नाव विचारून लिहून ठेवा. पण नातं धड सांगता येत नसेल तर पार्सल थांबवा. दुसऱ्या कुणाला लुबाडून तेच पैसे तुमच्याकडे वळवलेले असू शकतात, आणि त्या तक्रारीत तुमचं खातं गोठवलं जाऊ शकतं. यासाठी धंद्याचं खातं आणि नंबर घरच्यापेक्षा वेगळा ठेवा, आणि प्रत्येक विक्रीचं साधं का होईना, बिल करा.

कोणी पाठवलेली फाइल किंवा अॅप फोनमध्ये घेऊ नका, स्क्रीन शेअर करू नका, ओटीपी सांगू नका. साडी घ्यायच्या निमित्ताने 'नेसून दाखवा' म्हणून व्हिडिओ कॉल करणाऱ्यांचा नंबर ब्लॉक करा. ते गिऱ्हाईक नव्हे.

कॅश ऑन डिलिव्हरीचं गणित

एके काळी पुस्तकं आणि मासिकं व्हीपीने, म्हणजे दारात पैसे देऊन सोडवायच्या टपालाने, यायची. पोस्टमन दारात आला की घेणारा 'नको' म्हणायचा आणि टपालखर्च प्रकाशकाच्या माथी बसायचा. सीओडी म्हणजे तीच जुनी जोखीम. समजा, १,४०० रुपयांच्या साडीत तुम्हाला दोनशे सुटतात. कुरिअरचे जायचे ८०, यायचे ८०, पॅकिंगचे २० धरले तर एक परत आलेलं पार्सल एका विकलेल्या साडीचा जवळजवळ सगळा नफा खातं. शिवाय साडी दहा-पंधरा दिवस वाटेतच अडकते, आणि तेवढ्यात सण निघून जातो.

म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी सीओडी ठेवायचंच असेल तर दोनशे रुपये आगाऊ घ्या आणि उरलेले दारात. ज्याला साडी खरंच हवी आहे तो दोनशे रुपयांना अडत नाही. पत्ता पिनकोडसह आणि खुणेच्या जागेसह लिहून घ्या, पाठवायच्या दिवशी एक फोन करा. फोन लागला नाही तर पार्सल दुसऱ्या दिवशी. एकाच नंबरवरून दोनदा पार्सल परत आलं तर तिसऱ्यांदा पूर्ण पैसे आधी. ही नोंद ठेवायला शंभर पानी वही पुरते.

पार्सल बांधताना

मोगऱ्याच्या वासाच्या त्या पैठणीनंतर मी ही पाच कामं ठरवली. प्रत्येक साडीला दहा मिनिटं जातात.

१. साडी पूर्ण उलगडून सलग व्हिडिओ. दोन्ही काठ, पदर, ब्लाउजपीस, आणि उलटी बाजूसुद्धा. हातमागावरच्या पैठणीच्या पदराची नक्षी मागून-पुढून जवळजवळ सारखी दिसते. यंत्रावरच्या साडीला मागे मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. काही जण अस्सल साडी ठेवून घेतात आणि स्वस्तातली परत पाठवतात, तेव्हा ही उलटी बाजू बोलते.

२. नक्षीच्या एका ठरावीक जागेचा अगदी जवळून फोटो. हातमागावरच्या दोन साड्या तंतोतंत सारख्या उतरत नाहीत. एखाद्या मोराच्या पिसातला किंचित सरकलेला धागा हीच त्या साडीची ओळख. सिल्क मार्कचं लेबल असेल तर त्यावरचा क्रमांकही फोटोत घ्या.

३. टॅग पदराच्या दर्शनी टोकाला, प्लास्टिकच्या लूपने. आतल्या बाजूला लावलेला टॅग निऱ्यांत लपवून साडी नेसता येते. पदरावरचा टॅग तोडल्याशिवाय चारचौघांत जाता येत नाही.

४. वजन. साडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, आकडा व्हिडिओत दिसू द्या. मग बंद पार्सलचंही वजन करा आणि कुरिअरच्या पावतीवर तेच आलं का ते बघा. 'डबा रिकामा निघाला' म्हणणाऱ्याला पावतीवरचं वजन उत्तर देतं.

५. पिशवीला आतून बिल, बाहेरून सही केलेली चिकटपट्टी, आणि पत्त्याच्या चिठ्ठीसह बंद पार्सलचा फोटो.

हे व्हिडिओ ऑर्डरच्या तारखेने नाव देऊन निदान तीन महिने जपून ठेवा. मूळ फाइल ठेवा, व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली नको, आणि त्यात काटछाट करू नका. गिऱ्हाइकाशी होणाऱ्या चॅटमध्ये आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू नाहीत ना, तेही बघा.

परत आलेलं पार्सल उघडताना

पार्सल आलं की लगेच फाडायची घाई करू नका. कुरिअरवाल्यासमोर बाहेरून बघा. चिकटपट्टी बदललेली असेल, वजन कमी लागत असेल तर त्याच्या पावतीवर तसं लिहून मगच सही करा. मग फोन स्टँडवर लावा आणि पत्त्याच्या चिठ्ठीपासून आतल्या साडीपर्यंत एकाच सलग व्हिडिओत पार्सल उघडा.

नेसलेली साडी लपत नाही. आधी वास : अत्तर, पावडर, घाम, गजरा. मग खांद्याची जागा : उजेडासमोर धरली की पिनेची भोकं दिसतात. मग खालचा काठ : जमिनीला घासून आलेली धूळ. मग निऱ्यांच्या चुण्या आणि कंबरेशी खोचल्याच्या खुणा. कुर्त्याची कॉलर आणि काखा बघा. मग वजन आणि तुम्ही ठरवलेली नक्षीची जागा.

मोठ्या विक्री-अॅपवरून विकत असाल तर बदललेल्या किंवा वापरलेल्या मालाबद्दल विक्रेत्याने दावा करायची सोय तिथे असते, आणि त्याला ठरावीक मुदत असते. मुदत गेली की खरा दावाही बाद होतो. म्हणून परतीची पार्सलं आठवडाभर साठवून रविवारी एकदम उघडू नका. ज्या दिवशी आलं त्याच दिवशी उघडा, त्याच दिवशी दावा टाका.

बोलायचं कसं

राग येतो, आणि तो खराच असतो. पण रागात लिहिलेला मेसेज उद्या आपल्याच विरुद्ध दाखवला जातो. 'तुम्ही खोटं बोलताय' असं लिहू नका. जे दिसतं ते लिहा : 'साडी आज मिळाली. पदरावरचा टॅग तुटलेला आहे, खांद्याजवळ पिनेची भोकं आहेत. पाठवतानाचे आणि आताचे फोटो सोबत आहेत. ठरलेल्या अटींप्रमाणे पैसे परत करता येणार नाहीत. साडी तुमच्या खर्चाने पुन्हा पाठवू शकते.' फोनवर वाद घालू नका. जे बोलायचं ते लिहूनच.

'वाईट रिव्ह्यू टाकीन, सगळ्या ग्रुपवर बदनामी करीन' अशी धमकी देऊन अर्धे पैसे मागणारेही भेटतात. एकदा दिले की ते पुन्हा येतात. रिव्ह्यूखाली दोन ओळींत फोटोंसह आपली बाजू मांडा. वाचणारी बाई शहाणी असते, तिला कळतं.

आपणही गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, फोटो 'हिच्यापासून सावध' म्हणून ग्रुपवर टाकू नये. तुमचा अंदाज चुकला तर एका निरपराध बाईची बदनामी होते, आणि अब्रूनुकसानीची तक्रार तुमच्यावर येऊ शकते.

आणि गिऱ्हाइकाची तक्रार खरी असेल तर पटकन मान्य करा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नाही, एवढ्या एकाच कारणावर उसवलेली साडी नाकारू नका. कायद्यात व्हिडिओची अट नाही. ती आपण वाद टाळण्यासाठी घातलेली आहे.

पोलिसांकडे केव्हा

नेसून परत केलेल्या साडीचा वाद हा आधी व्यवहाराचा वाद असतो. तो पुरावे दाखवून किंवा विक्री-अॅपवर दावा टाकून सोडवावा. पण खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणं किंवा क्यूआर कोड पाठवून खातं रिकामं करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवून माल किंवा पैसे काढून घेतल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ डी लागू होतं.

खात्यातून पैसे गेले असतील तर एक क्षण दवडू नका. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि बँकेलाही कळवा. तक्रार जितकी लवकर जाते तितकी पैसे पुढच्या खात्यात थोपवले जाण्याची शक्यता जास्त असते. व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय क्रमांक, चॅट, समोरच्याचा नंबर आणि पत्ता हाताशी ठेवा. फसवणारा परराज्यातला असला तरी गुन्हा आपल्या जवळच्या ठाण्यात नोंदवता येतो. 'आमच्या हद्दीत येत नाही' या उत्तरावर परत फिरू नका. आणि लाजू नका. बँकेतली माणसंही या सापळ्यात सापडलेली आहेत.

शेवटी

त्या पैठणीनंतरही मला दोन-तीनदा कोणी फसवायचा प्रयत्न केला. मध्यंतरी एका बाईंनी इरकल परत पाठवली, 'नेसलेली नाही' म्हणून. या वेळी मी पाठवतानाचा व्हिडिओ आणि पदरावरच्या तुटक्या टॅगचा फोटो पाठवला. दिवसभर उत्तर आलं नाही. रात्री आलं, 'पाठवा परत, कुरिअरचे पैसे देते.' मी पाठवली. चार महिन्यांनी त्यांनीच नणंदेसाठी खण मागवला, आणि मी काही न विचारता 'मान्य' लिहायला सांगितलं, जसं सगळ्यांना सांगते.

साताऱ्याच्या त्या बाई मात्र पुन्हा आल्या नाहीत. पैठणीचे पैसे मी केव्हाच भरून काढले, ते गिऱ्हाईक नाही. म्हणून आज संध्याकाळीच बसा आणि आपल्या पाच ओळींच्या अटी लिहून काढा. त्या लिहिलेल्या असल्या की पुढच्या बाईशी मोकळेपणाने बोलता येतं.